घरची वाट बंद झाली की सैन्य गळते

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ आला आणि अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत मुंबईच्या उपनगरांतली चित्रपटगृहे गर्दीने भरून गेली. चित्रपट संपल्यावर जो वाद पेटला, तो मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : संभाजी महाराजांना पकडून कोणी दिले? शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि समाजमाध्यमांवर आडनावांची उलटतपासणी सुरू झाली. पराभव समजून घेण्याची आपली ही जुनी रीत आहे. रायगड का पडला, तर सूर्याजी पिसाळामुळे. एक नाव हाती लागले की चौकशी आटोपते आणि बाकी सगळे निर्दोष सुटतात. पण औरंगजेबाशी चाललेल्या त्या युद्धात बाजू सोडणारे दोन-चार नव्हते. ते शेकड्यांनी होते, दोन्ही बाजूंना होते आणि युद्ध जसजसे लांबत गेले तसतसे वाढत गेले. इतक्या माणसांचे इमान एकाच सुमारास कसे नासले, हा प्रश्न फितुरीच्या कथेत कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की लांबलेल्या युद्धात शिपाई आपले पथक सोडतो, तो मरणाच्या भीतीने क्वचित सोडतो. मरणाला भिणारा पहिल्याच वर्षी पळालेला असतो. विसाव्या वर्षी जो जातो त्याने एकोणीस वर्षे मरण पाहिलेले असते. त्याला घालवते ते घर : घरी कधी जायचे याला उत्तर नसणे, घरी पाठवायला पैसा नसणे आणि घरच्या जमिनीचे काय होणार याची खात्री नसणे. हे तिन्ही प्रश्न सोडवणे शिपायाच्या हाती नसते, त्याला युद्धावर नेणाऱ्याच्या हाती असते. म्हणून गळतीचा जाब आधी वर विचारायला हवा.

युद्धाचा पल्ला आधी लक्षात घेऊ. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस बुऱ्हाणपुरात उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत मरण पावला. मधल्या पाव शतकात तो उत्तरेला परतला नाही. या काळात मराठ्यांकडून मोगलांकडे किती जण गेले, याचा एक भरवशाचा अंदाज इतिहासकार एम. अतहर अली यांच्या मोजदादीतून मिळतो. एक हजार किंवा त्याहून मोठी मनसब असलेल्या उमरावांत १६५८ ते १६७८ या काळात मराठे होते २७. पुढच्या, म्हणजे १६७९ ते १७०७ या काळात ते झाले ९६, एकूण ५७५ पैकी. दर सहा मोठ्या मनसबदारांत एक मराठा. यात लहानसहान मनसबदार, त्यांचे शिलेदार, बारगीर धरलेले नाहीत. आणि ही ये-जा एकेरी नव्हती. संगमेश्वरी संभाजी महाराजांना पकडणारा मुकर्रबखान हा मुळात कुतुबशाहीचा सरदार शेख निजाम. गोवळकोंडा बुडताना तो बादशहाकडे आला होता. खुद्द गोवळकोंड्याचा दरवाजा १६८७ मध्ये आतल्याच अब्दुल्ला पनीने उघडला. त्या काळच्या दख्खनमध्ये आज इकडे, उद्या तिकडे ही नवलाची गोष्ट नव्हती. नवलाची गोष्ट आहे ती लाटांची. १६८९ मध्ये छत्रपतींची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि लहानगा शाहू कैदेत गेले, राजाराम महाराजांना पार तामिळ मुलखात जिंजीला जावे लागले. तेव्हा मराठी सरदारांची मोठी लाट मोगलांकडे गेली. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यातलीच बरीच माणसे परत आली. ती रातोरात भ्रष्ट झाली आणि पुन्हा रातोरात निष्ठावंत झाली, असे मानायचे का?

खरा हिशेब वतनाचा होता. देशमुखी, पाटिलकी, सरदेशमुखी म्हणजे नुसते उत्पन्न नव्हे. गावातला मान, भाऊबंदांतली जागा, मुलीचे लग्न कोणत्या घरात होईल इथपासून स्मशानात कोणाचा मान पहिला इथपर्यंत सगळे त्याला बांधलेले. आता मोगलांचे ठाणे गावापासून कोसभरावर बसले, छत्रपती शेकडो कोस दूर जिंजीला, आणि ठाणेदार विचारतो आहे की वतनाची सनद बादशहाकडून नव्याने करून घ्यायची की भाऊबंदांपैकी दुसऱ्या कोणाच्या नावे करायची. भाऊबंद तर टपलेलेच. शिवाजी महाराजांच्या उदयकाळापासून निष्ठेसाठी नावाजलेल्या रोहिडखोऱ्याच्या जेध्यांच्या घरातलेही काही जण या पेचात मोगलांकडे गेले. त्यांनी देश विकला म्हणणे सोपे आहे. पण घर सोडून लढणाऱ्याच्या मागे त्याचे घर राखायची जबाबदारी ज्या राज्याने घेतली होती, ते राज्यच त्या क्षणी दिसेनासे झाले होते. राजाराम महाराजांच्या कारभाऱ्यांनी हे नेमके ओळखले. रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांनी गेलेल्यांच्या नावाने खडे फोडण्यात वेळ घालवला नाही. अभयपत्रे पाठवली, वतने चालू ठेवण्याचे वचन दिले, आणि जिंकलेला मुलूख सरंजाम म्हणून देण्याची, शिवाजी महाराजांनी कटाक्षाने टाळलेली वाट मोकळी केली. १६९१ मध्ये घोरपड्यांना लिहिलेल्या पत्रात तर रायगडापासून थेट दिल्लीपर्यंत कोणता प्रदेश घेतला की काय मिळेल याचा तपशील आहे. तेव्हा हाती धड स्वतःचा रायगडही नव्हता! यावर नेहमीचा आक्षेप असा की या धोरणाने पुढे सरदार डोईजड झाले, राज्याचे तुकडे पडले. आक्षेप खरा आहे. वतनदार किती डोकेदुखी ठरतात हे पुढे ‘आज्ञापत्र’ या राजनीतीच्या ग्रंथात स्पष्टच सांगितले गेले. पण १६९१ मध्ये प्रश्न पन्नास वर्षांनंतरच्या राज्याचा नव्हता, येत्या दसऱ्याला घोडेस्वार जमणार की नाही हा होता. ते जमले. मोगलांच्या नोकरीत गेलेले नेमाजी शिंदे, माणकोजी पांढरे, नागोजी माने अशी मातब्बर मंडळी राजाराम महाराजांकडे परतली, आणि शिक्षेच्या धाकाने त्यातला एकही परतला नव्हता.

आता दुसरी छावणी पाहू. जगातले सर्वांत श्रीमंत सैन्य तिथे होते, आणि गळती तिथेच अधिक खोल गेली. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली नसती तर ही बाजू आपल्याला एवढ्या जवळून दिसली नसती. बुऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना हा बुंदेल्यांच्या पदरी राहून सगळे युद्ध डोळ्यांनी पाहणारा कायस्थ लेखक. त्याच्या लिहिण्यात शौर्यापेक्षा थकवा अधिक आहे. माणसे तंबूत जन्मली, तंबूत वाढली, काही तिथेच मेली; विटा-मातीचे घर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. दिल्लीत वर्षभर राहू द्यावे म्हणून एका उमरावाने लाख रुपये देऊ केले, अशी हकिकत जदुनाथ सरकारांनी नोंदवली आहे. लाख रुपयेवाल्याची ही गत, तर महिना चार-पाच रुपयांच्या प्याद्याची काय असेल? शेवटच्या वर्षांत पगार तीन-तीन वर्षे थकले. मनसबदाराला पगाराऐवजी जहागीर मिळायची, पण नव्या भरतीला द्यायला जहागिरीच उरल्या नव्हत्या आणि कागदोपत्री मिळालेल्या जहागिरीचा वसूल मराठे आधीच घेऊन जात. बंगालहून मुर्शिदकुलीखानाचा खजिना येई तेवढाच आधार. १७०२ ते १७०४ च्या दुष्काळाने आणि रोगराईने उरलासुरला दमही काढला. विशाळगड घेऊन १७०२ च्या भर पावसात छावणी परत निघाली, तेव्हा सुमारे तीस मैलांची वाट कापायला तिला अडतीस दिवस लागले. ओढ्यानाल्यांत उंट, बैल आणि माणसे वाहून गेली. जिंकून परतणाऱ्या सैन्याची ही अवस्था.

साताऱ्याच्या वेढ्यातला एक प्रसंग मला या सगळ्या युद्धात सर्वांत बोलका वाटतो. एप्रिल १७०० मध्ये तोफखान्याचा प्रमुख तर्बियतखान याने अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली सुरुंग ठासले. पहिल्या सुरुंगाने गडावरचे काही लोक दगावले. दुसरा उडाला तो उलटा, तट बाहेरच्या बाजूला ढासळला आणि खाली हल्ल्यासाठी दाटीने उभ्या असलेल्या मोगल फौजेवर कोसळला. सुमारे दोन हजार माणसे आपल्याच सुरुंगाने गाडली गेली. पुढचे मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो. आपले भाऊबंद दगडमातीखाली पडले आहेत आणि त्यांना बाहेर काढून अग्नी देण्याचीही सोय नाही, हे पाहून संतापलेल्या हिंदू प्याद्यांनी रात्री वेढ्याच्या लाकडी दमदम्याला आग लावून दिली. महिनोन्‌महिने खपून उभारलेले ते लाकूडकाम कित्येक दिवस जळत होते. त्यातच मेलेल्यांचे दहन झाले. या लोकांना मराठ्यांनी पैसे चारले नव्हते. ते भ्यालेही नव्हते, तटाखाली पुढच्या रांगेत तेच उभे होते. जिवंतपणी घरी पाठवायचे नाही आणि मेल्यावर अग्नीही द्यायचा नाही, हा व्यवहार त्यांना पुरेसा झाला होता. अशा रात्रीनंतर माणूस छावणीत राहिला तरी त्या युद्धातला शिपाई उरत नाही, हे कळायला कोणत्याही सेनाशास्त्राची गरज नाही.

म्हणूनच मोगलांची गळती ‘पळाले’ या क्रियापदात मावत नाही. त्या काळच्या दख्खनमध्ये शेकडो कोस दूरच्या बुंदेलखंडी किंवा अवधी शिपायाला पळून जायचे तरी कुठे? वाटेत मराठे, भिल्ल, बेरड, उपाशी गावे. तो जागच्या जागी युद्ध सोडून देई. मनसबदार कागदावर पुरी फौज दाखवत आणि प्रत्यक्षात जेमतेम ठेवत. घोड्यांना डाग देण्याची आणि हजेरीची कडक पद्धत नावापुरती उरली होती. जहागीरदार मराठ्यांशी परस्पर तोड करून चौथाई देत आणि निर्धास्त झोपत. नोकरीवरून कमी केलेले स्वार मराठ्यांच्या टोळ्यांत मिसळून आपल्याच जुन्या धन्याचा मुलूख लुटत, हे भीमसेनच लिहून ठेवतो. आणि वरच्या पायरीवर काय चालले होते? जिंजीला सात-आठ वर्षे वेढा घालून बसलेल्या झुल्फिकारखानाचे राजाराम महाराजांशी सूत होते, असे समकालीन लेखकांचेच म्हणणे. बादशहाचा लाडका मुलगा कामबक्ष किल्ल्यातल्या मराठ्यांशी गुप्त बोलणी करताना उघडा पडला आणि त्याच छावणीत कैद झाला. १६९८ मध्ये जिंजी पडली तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटले होते. वेढा संपवून परतलो तर बादशहा पुढच्या वेढ्यावर धाडणार, हे ठाऊक असलेल्या सेनापतीने वेढा लांबवला तर आश्चर्य ते कसले? नंतरच्या काळात पन्हाळा, विशाळगड, सिंहगड हे गड मोगलांनी किल्लेदारांना रोख मोजून ‘जिंकले’. मराठ्यांनी पाऊसकाळ येईपर्यंत गड झुंजवावा, पैसे घ्यावेत, खाली उतरावे आणि छावणी पुढे सरकली की गड परत घ्यावा. तोरणा तेवढा चढून, लढून घेतलेला. बादशहा मरायच्या आत साताऱ्यासह कितीतरी गड मराठ्यांकडे आले. ज्या किल्लेदारांनी पैसे घेतले त्यांना फितूर म्हणावे की हुशार, यावर अजून एकमत नाही, आणि ते होऊही नये.

मराठ्यांचे सैन्य गरीब, पगार अनियमित, शस्त्रे साधी. तरी १६९१ नंतर ते वाढत कसे गेले? याचे बरेचसे उत्तर पंचांगात आहे. दसऱ्याला शिलंगण, त्यानंतर आठ महिने मुलूखगिरी आणि मृगाच्या आधी परत, हा शिरस्ता शिवाजी महाराजांच्या वेळेपासूनचा. सभासदाच्या बखरीतही तो आहे. महाराजांच्या काळी सैन्य पावसाळ्यात छावणीत राही. राजाराम महाराज आणि त्यांच्यानंतर त्यांच्या पत्नी ताराबाई यांच्या काळात विस्कटलेल्या राज्यात पुष्कळसे शिलेदार सरळ गावी जात, पेरणी करत, घरचे तंटे मिटवत आणि दसऱ्याला घोड्यावर बसत. बाहेरून पाहणाऱ्याला हे पळून जाणे वाटेल. पण सैन्याच्या दृष्टीने हा केवढा मोठा फायदा होता! दर वर्षी जाणारा माणूस दर वर्षी परत येतो. त्याच्या जाण्याला परवानगी आहे म्हणून ते पळून जाणे ठरत नाही, आणि परत येण्यात त्याची इज्जत पणाला लागलेली असते, कारण सगळे गाव बघत असते. औरंगजेबाच्या शिपायाला मात्र एकदाच जाता येई. त्याच्यापुढे दोनच पर्याय : मरेपर्यंत राहणे किंवा कायमचे जाणे. ज्या सैन्यात रजा नाही तिथे प्रत्येक रजा फरारी होते.

इथे शिस्तीचा कैवार घेणारे म्हणतील की हे सगळे दयाळूपणाचे बोलणे झाले. सैन्य धाकावर चालते, पहिल्या पळपुट्याला शिक्षा झाली नाही तर दुसऱ्या दिवशी तुकडी रिकामी. या युक्तिवादाला मराठी इतिहासात संताजी घोरपड्यांएवढे मोठे उत्तर दुसरे नाही. त्यांच्याइतका धाक कोणाचा नव्हता आणि त्यांच्याइतके विजयही कोणाचे नव्हते. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरीला कासिमखानाची दाणादाण, त्यानंतर दोन-तीन महिन्यांत हिम्मतखान ठार. खाफीखान लिहितो की किरकोळ चुकीसाठीही ते माणूस हत्तीच्या पायी देत. विजयाच्या धुंदीत हे खपून गेले. पण छत्रपतींशी आणि धनाजी जाधवांशी वितुष्ट आले, तेव्हा त्यांची स्वतःची माणसे त्यांना सोडून धनाजींकडे गेली. आदल्याच वर्षी बादशहाच्या नामांकित सरदारांना धूळ चारणारा सेनापती १६९७ मध्ये जवळजवळ एकटा शंभू महादेवाच्या डोंगरात फिरत होता. त्याचे डोके कापले ते म्हसवडच्या नागोजी माने यांनी. नागोजींच्या मेहुण्याला, अमृतराव निंबाळकरांना, संताजींनी हत्तीच्या पायी दिले होते. धाकाने तुकडी लढाईपुरती उभी राहते. ज्या दिवशी धाक घालणाऱ्याची पडती बाजू दिसते, त्या दिवशी धाकच हिशेब मागतो. शिक्षा मुळीच नको असे मी म्हणत नाही. पहारा सोडून झोपणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण शिक्षेने फार तर एकट्यादुकट्याची पळापळ थांबते, लाट थांबत नाही. लाट आली की चूक धोरणात शोधावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याच परिस्थितीत जे राहिले, त्यांचे काय? घर तर त्यांनाही होते. गोवळकोंड्याचा दरवाजा उघडला त्या रात्री अब्दुर्रझ्झाक लारी नावाचा सरदार मूठभर माणसांनिशी लढत राहिला, अंगावर सत्तरच्या आसपास जखमा घेऊन पडला आणि बादशहाने देऊ केलेली मनसबही त्याने आधी नाकारली. साताऱ्याचा गड प्रयागजी प्रभूंनी म्हातारपणी झुंजवला. अशा माणसांची थोरवी निर्विवाद आहे, पण तिचा उपयोग इतरांना हिणवण्यासाठी करू नये. कोणतेही राज्य लाऱ्यांच्या भरवशावर चालत नाही, सामान्य माणसाच्या सामान्य हिशेबावर चालते. असामान्य त्याग गृहीत धरून आखलेली मोहीम ही आखणाऱ्याची चूक आहे. शिवाय काळे-पांढरे इतके स्पष्ट कधीच नसते. ज्या गणोजी शिर्क्यांच्या नावाने आज शिमगा होतो, त्यांनीच जिंजीच्या मोगल छावणीत असताना राजाराम महाराजांना निसटायला मदत केली, असे बखरी सांगतात. आणि त्याबदल्यात महाराजांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी आपले दाभोळचे वतन त्यांच्या नावे केले. म्हणजे देणारा थोर आणि घेणारा व्यवहारी, पण छत्रपती सुटले ते या दोघांच्या सौद्यातून. आपण राहतो त्या साष्टीचेच घ्या ना. मालाडचे सरदेसाई अंताजी रघुनाथ आणि अंजूरचे गंगाजी नाईक हे पोर्तुगीजांची प्रजा. त्यांनी पेशव्यांशी संधान बांधले, १७३७ मध्ये ठाणे पडले आणि दोन वर्षांत चिमाजी अप्पांनी वसई घेतली. आपल्याला ते देशभक्त. लिस्बनच्या दफ्तरात त्यांची नोंद कोणत्या सदराखाली झाली असेल ते सांगायला नको.

तिसरा आक्षेप आजच्या वाचकाचा : ते भाडोत्री, वतनी सैन्याचे दिवस होते, राष्ट्रासाठी लढणाऱ्या आधुनिक शिपायाला हा हिशेब लागू नाही. तो पुरेपूर लागू आहे. १९१७ च्या एप्रिलमध्ये जनरल निव्हेल याच्या फसलेल्या चढाईनंतर फ्रान्सच्या सैन्यात तुकड्यांमागून तुकड्यांनी पुन्हा चाल करून जायला नकार दिला. खंदक राखू, पण हल्ला करणार नाही, असे ते म्हणत होते. निव्हेलच्या जागी आलेल्या पेतँने काहींना गोळ्या घातल्या हे खरे. पण पाचशेहून अधिक मृत्युदंडांतले बहुसंख्य अमलात आणले नाहीत. त्याने निष्फळ हल्ले थांबवले, जेवण सुधारले आणि मुख्य म्हणजे दर चार महिन्यांनी सात दिवसांची रजा खरोखर मिळेल अशी व्यवस्था केली. तेच सैन्य पुढच्या वर्षी युद्ध जिंकून परतले. आपल्या मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ तळावर नौसैनिकांचा उठाव झाला, तो पळून जाण्याचा प्रकार नव्हता आणि त्यामागे स्वातंत्र्याची आकांक्षा होती. तरी मागण्यांच्या यादीत निकृष्ट जेवणाच्या आणि गोऱ्यांच्या अपमानास्पद वागणुकीच्या बरोबरीने लवकर सेवामुक्ती आणि नंतर रोजगार ही मागणी होती. त्याआधीच्या महिन्यात भारतातल्या ब्रिटिश हवाई दलाचे गोरे सैनिकही घरी पाठवा म्हणून संपावर गेले होते. एकाच मुद्द्यावर राज्यकर्त्यांचे शिपाई आणि त्यांच्या गुलामीतले शिपाई दोघेही अडले, तर तो मुद्दा वंशाचा, धर्माचा किंवा इमानाचा नाही हे उघड आहे.

युक्रेनचे उदाहरण तर अगदी आजचे. स्वतःच्या भूमीसाठी, उघड आक्रमकाविरुद्ध लढणारे हे सैन्य. सुरुवातीला भरती केंद्रांबाहेर रांगा लागलेल्या. तरी २०२४ संपेपर्यंत तुकडी सोडल्याबद्दल गुन्हे दाखल झालेल्यांची संख्या लाखाच्या वर गेली. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या संसदेने भरतीचा नवा कायदा केला, त्यात ३६ महिन्यांच्या सेवेनंतर सैनिकाला मुक्त करण्याचे कलम आधी होते. सेनाधिकाऱ्यांच्या आग्रहाने ते ऐन वेळी गाळले गेले. कारण समजण्यासारखे आहे : अनुभवी माणसे सोडली तर आघाडी कोण धरणार? औरंगजेबाच्या दरबारातही हेच उत्तर मिळाले असते. पण माणसाला तीन वर्षे सांगता येतात, पाच सांगता येतात, ‘संपेपर्यंत’ सांगता येत नाही. मग ऑगस्टमध्ये त्याच संसदेला कायदा करावा लागला की पहिल्यांदा तुकडी सोडलेला सैनिक स्वतःहून परत आला तर त्याला गुन्हेगार मानू नये. रामचंद्रपंतांची अभयपत्रे आणि हा कायदा यांत तत्त्वतः फरक नाही. रशियाकडे माणसे अधिक आणि धाकही अधिक, म्हणून तिथली गळती कमी दिसते. पण पुतिन यांच्या सप्टेंबर २०२२ च्या फर्मानाने बोलावलेल्या तीन लाखांनाही परतीची तारीख दिलेली नाही.

आणि गडचिरोली? १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांच्या पॉलिट ब्यूरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांहून अधिक काळ जंगलात काढलेला माणूस. त्याच्या संघटनेने त्याला गद्दार ठरवले, म्हणजे आपल्याकडची रीत तिथेही आहेच. सुरक्षा दलांच्या दबावाचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. मे महिन्यात सरचिटणीस बसवराजू मारला गेला नसता तर हा दिवस इतक्या लवकर उजाडला नसता. पण निव्वळ दबावाने माणूस शेवटपर्यंत लढूनही मरतो. दुसऱ्या बाजूला घर, काम, लग्न, मुलेबाळे यांची वाट उघडी आहे असे दिसले, तेव्हा तो उतरून आला. महाराष्ट्राचे आत्मसमर्पण धोरण २००५ पासून आहे. त्यावर ‘खुन्यांना बक्षीस’ अशी टीका वर्षानुवर्षे झाली. मारल्या गेलेल्या जवानांच्या आणि आदिवासींच्या घरच्यांना ती करण्याचा हक्कही आहे. तरीही शत्रूचे सैन्य गळावे असे वाटत असेल, तर गळणाऱ्याला जायला जागा ठेवावी लागते. आपले सैन्य गळू नये असे वाटत असेल, तरी तेच करावे लागते.

१७०७ च्या मार्चमध्ये बादशहा गेला आणि काही दिवसांतच त्याचा मुलगा आझमशहा याने छावणी उठवून उत्तरेची वाट धरली. पाव शतक न मिळालेली रजा त्या सैन्याला मालकाच्या मरणाने मिळाली. वाटेत मे महिन्यात शाहू महाराजांची सुटका झाली. ते महाराष्ट्रात आले तेव्हा ताराबाईंनी त्यांच्यावर सैन्य पाठवले. त्याचे सेनापती होते धनाजी जाधव, सगळ्या युद्धात मोगलांना नकोसे करून सोडलेले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी आपल्या पथकांसह शाहूंकडे गेले. कारणे बरीच होती, पण घरच्या माणसांशी आणखी एक लांब युद्ध लढायची त्यांची आणि त्यांच्या शिलेदारांची तयारी नव्हती, हे त्यातले मोठे. लढाईच्या मैदानावर बाजू सोडणारा एवढा मोठा सेनापती मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल. धनाजींना फितूर कोणी म्हणत नाही, आणि म्हणत नाही हे बरोबरच आहे.